हातवाऱ्यांचा तास

सातवीत गेले तोवर मी वर्गातल्या सगळ्या मुलींपेक्षा वीतभर उंच झाले होते, आणि या उंचीचं करायचं काय हे मला कुणी सांगितलं नव्हतं. हात कुठे ठेवावेत हा प्रश्न तर कायमचाच. पुढे धरले तर भीक मागितल्यासारखं दिसायचं, मागे धरले तर इन्स्पेक्टरसारखं, आणि सोडून दिले तर ते आपापल्या वाटेनं जायचे आणि कुणाची तरी दौत सांडायचे. आमच्या सातपूरच्या कामगार वसाहतीतल्या दोन खोल्यांत मी उठले की काहीतरी पडायचंच. फळीवरचे स्टीलचे पेले, खुंटीवरचा आरसा, एकदा तर स्टोव्हवरून उतरवलेला रस्सा. भांडं घरंगळत मोरीपर्यंत जायचं, शेजारच्या भिंतीवर थाप पडायची आणि पलीकडून विचारणा व्हायची, "सुजाता उठली का?" त्या काळात वसाहतीत कुणाला घड्याळाची गरज नव्हती. पाळी सुटल्याचं भोंगा सांगायचा आणि सकाळ झाल्याचं मी.

घरात आम्ही चौघं. दादा, म्हणजे माझे वडील, एका कारखान्यात लेथवर होते. आले की त्यांच्या कपड्यांना लोखंडाचा आणि तेलाचा वास असायचा. तो कितीही धुतला तरी जायचा नाही आणि अजूनही कुठल्या गॅरेजवरून गेले की मला एकदम घरी आल्यासारखं वाटतं. आई इगतपुरीकडची, भाताच्या आणि पावसाच्या मुलखातली. ती फार बोलायची नाही. स्टोव्हचा फरफर आवाज, भाकरी थापल्याचा आवाज आणि मधेच एखादा उसासा, एवढंच तिचं बोलणं, असं मी तेव्हा समजत होते. सुकट भाजायला घेतली की मात्र सगळ्या चाळीला कळायचं. बाजरीची भाकरी, भाजलेली सुकट, वर कांदा आणि लाल तिखट: आजही डॉक्टरांच्या नाकावर टिच्चून मी ते खाते. माझा धाकटा भाऊ मिलिंद. त्याच्याबद्दल इतकंच पुरे की घरातली कुठलीही बातमी त्याच्या तोंडात राहत नसे.

शाळेत शारीरिक शिक्षण म्हणजे लेझीम. आमचे खेळाचे सर शिट्टी वाजवायचे आणि सगळ्या मुली एका अंगाच्या असल्यासारख्या वाकायच्या. मी एकटी उभी. त्या उभ्या राहिल्या की मी वाकलेली. प्रजासत्ताक दिनाच्या सरावात माझी लेझीम पुढच्या मुलीच्या वेणीत अशी अडकली की दोघींना जोडीनं मुख्याध्यापकांच्या खोलीत न्यावं लागलं आणि शिपाईमामांनी कात्रीनं आम्हाला वेगळं केलं. त्यानंतर सरांनी मला माठाजवळ बसवलं. "साळवे, तू पाण्याकडं बघ," ते म्हणाले. मी मन लावून पाण्याकडे बघत असे. या कामात मात्र माझी एकही चूक झाली नाही.

अशा वेळी आमच्या शाळेत रेगे बाई आल्या. बारीक चणीच्या, जाड भिंगांच्या चष्म्याच्या, आणि पायांत चपलाच नाहीत! म्हणजे होत्या, पण शाळेत आल्या की त्या काढून ठेवायच्या. पुण्याला कुठेतरी त्या लहान मुलांना हालचाल शिकवायचं शिक्षण घेऊन आल्या होत्या. वेळापत्रकात त्यांच्या तासाला एक लांबलचक नाव होतं. आम्ही त्याला हातवाऱ्यांचा तास म्हणायचो. शनिवारच्या सकाळच्या शाळेत शेवटचा तास, जुन्या सभागृहात, मुलं-मुली एकत्र. बाकं भिंतीला लावायची, चपला बाहेर. बाई रॉकेलच्या रिकाम्या डब्यावर लाकडी पट्टीनं ताल धरायच्या आणि सांगायच्या, "तुमच्या डोक्यावर भरलेला हंडा आहे. चाला." नाहीतर, "डांबरी रस्ता तापलाय आणि तुम्ही अनवाणी आहात." गाणं नाही, पावलं नाहीत, चुकलं म्हणून शिट्टी नाही. एक नियम मात्र कडक होता. सभागृहात जो येईल त्यानं करायचं. नुसतं बघत बसायचं नाही. एकदा मुख्याध्यापक बोरसे सर कसलीशी सूचना घेऊन आत आले. बाईंनी नम्रपणे त्यांना बूट काढायला लावले. सरांच्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. तो अंगठा सांभाळत सरांनी डोक्यावरचा हंडा सभागृहाच्या त्या टोकापर्यंत नेला, घाम पुसला, आणि सूचना न वाचताच निघून गेले. पुन्हा ते त्या तासाला फिरकले नाहीत.

मला वाटलं होतं, इथंही माठ असेल. पण पहिल्याच शनिवारी बाई म्हणाल्या, "तुम्ही पातेल्यात शिजणारा भात आहात." बाकीची मुलं जागच्या जागी नाजूकपणे रटरटली. मी उतू गेले. माझे हात दोन्हीकडे पसरले, एका मुलाच्या कानाला लागले, भिंतीचं बाक सरकलं, आणि मी धापकन खाली बसले. सगळे हसले. मी माठ शोधायला लागले. बाईंनी डबा वाजवणं थांबवलं आणि चष्मा वर सरकवत माझ्याकडे पाहिलं. "ही मुलगी जागा घेते," त्या म्हणाल्या, "घेऊ द्या तिला. तुम्ही जरा सरका."

पुढचे कित्येक दिवस मी जमिनीवर नव्हते. आयुष्यभर मला सगळ्यांनी सांगितलं होतं, आवर, सावर, आकसून बस. आणि इथं एक शिकलेली बाई सगळ्या वर्गाला सरकायला सांगत होती. साहजिकच मी मोठी नर्तकी होणार हे मी ठरवून टाकलं. घरी मी पाणी भरताना हंडा हेलकावत नेऊ लागले, अर्धं पाणी वाटेतच. केस विंचरताना आरशात मान वेळावून बघायचे. तो आरसा तळहाताएवढा होता, त्यात मान आली की चेहरा जायचा, त्यामुळे माझं एकंदर रूप मला कधी कळलं नाही. तो त्या आरशाचा मोठेपणाच म्हणायचा.

मग एके दिवशी जेवताना मिलिंदनं भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाला, "दादा, ताई शाळेत नाचते."

दादांचा हात ताटातच थांबला. "कोण नाचतं?"

"ताई. पोरांबरोबर. बाई डबा वाजवतात."

दादा ओरडणारे नव्हते. त्यांनी पाणी प्यायलं, पेला खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या तासाला बसायचं नाय. आपल्या घरातलं कुणी नाचणार नाय." आणि हात धुवून उठले. ताटात सुकट तशीच राहिली. आमच्या घरी सुकट ताटात राहिल्याचं मला त्याआधीचं काही आठवत नाही. मी आईकडे पाहिलं. ती ताट उचलून मोरीकडे गेली.

त्या शनिवारी मी सभागृहाबाहेर पायरीवर बसून राहिले. बाईंनी विचारलं तेव्हा दादा नको म्हणतात एवढंच सांगितलं आणि भोकाड पसरलं. रडतानासुद्धा मी एवढी जागा घेतली, की बाईंना पायरीवर बसायला नीट जागा उरली नाही. पुढच्या आठवड्यात दादांची पहिली पाळी होती. संध्याकाळी बाई बसनं आमच्या वसाहतीत आल्या, पत्ता विचारत विचारत. बाई येताहेत हे बघून आईनं घाईनं कॉटवरची चादर बदलली, गुळाचा चहा टाकला. मी मदतीला उठले आणि पेला पाडला. आईनं मला खुणेनंच खाली बसवलं.

बाई सुरुवातीला पुस्तकातलं बोलल्या. मुलांचं शरीर, मनाचा विकास, असं बरंच काही. दादा मान खाली घालून ऐकत होते. शेवटी बाई म्हणाल्या, "नृत्य म्हणजे मुक्ती असते हो, साळवे."

"कुणाची?" दादांनी विचारलं.

बाईंनी चहाचा पेला खाली ठेवला. 

"बाई, माझा बाप हलगी वाजवायचा," दादा म्हणाले. "गावातल्या लग्नांत. मी पाच-सहा वर्षांचा असन. मला पुढं नाचवायचे. लोक पंगतीला बसून जेवायचे आन् बघायचे. आमी सकाळपासून उपाशी. पाय थांबले की वरडायचे, ए नाच की. शेवटी उरलंसुरलं मिळायचं, ते पण लांबून. मी शहरात आलो, कामाला लागलो, तेव्हाच ठरवलं. माझ्या पोरांनी लोकांनी बघावं म्हणून पाय उचलायचा नाय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तिला वाटत असन बापाला काय कळत नाय. मला चांगलं कळतं."

हे मी पहिल्यांदा ऐकत होते. मिलिंदलासुद्धा ही बातमी नवी होती. मला तेव्हा सगळं उमगलं असं म्हणणार नाही. खरं तर माझ्या डोक्यात इतकंच आलं की दादा लहान होते, आणि नाचत होते. लेथसमोर ताठ उभे राहणारे माझे दादा नाचताहेत हे चित्र मला काही केल्या जमवता येईना.

बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. "मला हे माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "मी मघाशी जे बोलले ते सोडून द्या. पण माझ्या तासाला कुणी बघायला नसतं, साळवे. मी बसूच देत नाही कुणाला. तुम्ही एकदा येऊन खात्री करून घ्या. शनिवारी तुम्हाला सुट्टी असते ना?" मग त्या आईकडे वळल्या. "तुम्हीही या."

आई दारापाशी उभी होती. "मी काय येऊ," ती म्हणाली. पण शनिवारी सकाळी तिनं ट्रंकेतलं निळं लुगडं काढलं.

आम्ही तिघं सभागृहाच्या दारात पोचलो तेव्हा तास सुरू व्हायचा होता. मुलं बाकं सरकवत होती. दादांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, जसा ते फक्त सभेला जाताना घालायचे. बाई पुढे आल्या. "या. चपला बाहेर काढा."

"मी फक्त बघायला आलोय."

"बघायला नाही येता येत, साळवे. आत आलात तर करावं लागेल."

दादा उंबऱ्यावर थांबले. सगळी मुलं त्यांच्याकडे बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दादा वळून निघून जातील आणि माझं नर्तकी होणं इथंच संपेल, हे मला स्पष्ट दिसत होतं. तेवढ्यात शेजारी हालचाल झाली. आईनं चपला काढल्या, जोडीनं भिंतीला लावल्या, पदर कमरेला खोचला आणि ती आत गेली. दादांना न विचारता. माझ्या आठवणीत असं पहिल्यांदाच घडत होतं.

दादा मागे सरले. व्हरांड्यात गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. मला वाटलं, रागावले. खिडकीच्या गजांतून त्यांचा पांढरा शर्ट दिसत होता. आत डबा वाजू लागला तसा त्यांचा पाय ताल धरू लागला, असं मला इथं लिहिता आलं असतं तर फार छान दिसलं असतं. पण तसं काही झालं नाही. दादा खांबासारखे उभे होते. तास संपेपर्यंत त्यांनी एकदाही मान वळवली नाही. आत सगळे खिदळत होते, धपाधप पडत होते, पण त्यांनी पाहिलं नाही. तो राग नव्हता, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. ज्याला पंगतीसमोर नाचवलं होतं, तो माणूस बघणारा व्हायला तयार नव्हता, आपल्या स्वतःच्या बायकापोरांचासुद्धा. बाईंचा नियम आमच्यापैकी कुणाला पुरता कळला असेल, तर तो बाहेर उभ्या असलेल्या दादांना.

त्या दिवशी बाई म्हणाल्या, "पाण्यातून चाला. पोटरीएवढं पाणी आहे." मुलांनी पाणी उडवायला सुरुवात केली. मी तर समुद्रच अंगावर घेतला. हात पसरून, मान टाकून, डोळे मिटून निघाले आणि थेट आईवर जाऊन आदळले. डोळे उघडले तर आई लुगडं किंचित वर धरून चालत होती. पुढचा पाय आधी बोटांनी चाचपत होती, मग सावकाश वजन टाकत होती. तिची नजर खाली होती, आणि त्या फरशीवर खरोखर पाणी आहे असं मलाच वाटायला लागलं.

"दमानं," ती हळूच म्हणाली. "खाली चिखल हाय. आधी पाय लाव, मंग भार टाक."

मी पाय लावला, मग भार टाकला. पुन्हा पाय लावला. आईनं माझं कोपर धरलं होतं. बाकीची मुलं केव्हा आमच्या मागे रांगेनं चालू लागली ते कळलं नाही. मधेच आई थबकली, मागे वळली आणि एकदम दोन्ही हातांनी पाणी उचलून माझ्या तोंडावर मारलं. माझी आई! मी दचकून इतकी मागे सरले की पाठीमागच्या रांगेतले तिघं खाली बसले. आई तोंडावर पदर धरून हसत होती, तिचे खांदे गदगदत होते. तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. ती फार न बोलणारी बाई आहे असं मी धरून चालले होते. तिला काय वाटतं हे आमच्यापैकी कुणी विचारलंच नव्हतं.

आम्ही घरी परत निघालो. कारखान्यांच्या भिंतींच्या कडेनं आम्ही चालत होतो. दादांनी विचारलं, "काय करत व्हता आत?"

"पाण्यात गेलतो," आई म्हणाली.

"कसल्या पाण्यात?"

"आत आला असता तर कळलं असतं."

 कोपऱ्यावर रसवंती होती, तिथं दादांनी आम्हाला उसाचा रस पाजला. स्वतःचा ग्लास संपवून म्हणाले, "जा त्या तासाला. पण लोक बघायला बसले, की तिथनं सरळ घरी यायचं."

लोक बसणारच होते. स्नेहसंमेलन जवळ आलं आणि बोरसे सरांनी बाईंना सांगितलं, हा कार्यक्रम रंगमंचावर झाला पाहिजे, पाहुणे येणार आहेत. बाईंनी निर्णय वर्गावर सोपवला. "ज्यांना स्टेजवर करायचंय त्यांनी हात वर करा." सगळ्यांत आधी वर गेला तो माझा हात. खरं सांगते, मला झगमगीत कपडे दिसत होते, टाळ्या ऐकू येत होत्या. मग दादा आठवले. हात अर्ध्यावरून खाली आणताना तो कान खाजवण्यासाठी वर गेला होता असं मी दाखवलं, आणि कान इतका वेळ खाजवला की शेजारच्या मुलीनं विचारलं, दुखतोय का. बाईंना ते सगळं दिसलं असावं. त्यांनी हात मोजले नाहीत. त्या सरांकडे गेल्या आणि नाही म्हणून आल्या.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा वेळापत्रकात तो तास नव्हता. त्या जागी गणित होतं. बाईही आल्या नाहीत. पुण्याला परत गेल्या असं शिपाईमामा म्हणाले. मी घरी येऊन सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी दादा पाळीवरून थेट, तेलाच्या कपड्यांत, शाळेत गेले. मला बरोबर नेलं होतं.

"तो तास पुन्हा चालू करा, सर."

"पालकांच्या तक्रारी होत्या, साळवे," बोरसे सर म्हणाले.

"माझीच होती. आता नाय."

सरांनी माझ्या गणिताच्या मार्कांचा उल्लेख केला. तो त्यांचा सगळ्यांत जोरकस मुद्दा होता आणि तिथं मी दादांच्या काहीच उपयोगी पडू शकले नाही. तरी दादा म्हणाले, "पोरगी नीट चालायला लागली. घरात भांडी पडत नाय आता." सर हसले. दादा हसले नाहीत. तास काही परत सुरू झाला नाही. हल्ली माझ्या नातीच्या शाळेत असल्या तासांना मोठमोठी नावं असतात आणि वेगळा पोशाख असतो. वर्षाच्या शेवटी आम्हा आजी-आजोबांना खुर्च्यांवर बसवून मोबाइलवर चित्रण करायला लावतात. मी एकदा विचारलं, आम्हीही येऊ का आत? तिथल्या मॅडमनी माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि पाणी आणून दिलं.

बोरसे सरांना भेटून आलो, त्याच आठवड्यातल्या शनिवारी दुपारी जेवणं झाली. मिलिंद खेळायला गेला होता. दादांनी भिंतीला पाठ टेकून बिडी काढली, पण पेटवली नाही. मग उठले आणि कॉटचं एक टोक धरलं. "धर गं तिकडून," मला म्हणाले. आम्ही कॉट भिंतीला लावली, ट्रंक मोरीकडे सरकवली. मधे चार माणसं मावतील एवढी मोकळी जमीन दिसायला लागली. आई हात पुसत आतून आली आणि बघत राहिली.

"काय चाललंय?"

दादांनी बनियन खाली ओढलं. एका पायावरचं वजन दुसऱ्या पायावर घेतलं. "ते पाण्याचं," ते म्हणाले, "कसं करायचं असतं?"

बाहेर नळावर बायकांची गर्दी होती. आमचं दार सताड उघडं होतं. आईनं ते लोटायला हात पुढे केला.

"राहू दे," दादा म्हणाले. "हवा येऊ दे."